जुन्या संगणकाला किती वाढवावं?

साशंक: तू ते जुनं सिंक्लेअर स्पेक्ट्रम चालू केलंस, फार चांगलं झालं. भंगारात वजनावर जाणारं यंत्र पुन्हा टीव्हीवर अक्षरं दाखवायला लागलं. पण आता म्हणतोस की त्याची मेमरी वाढवायची, त्याला एसडी कार्ड लावायचं, आतला रेग्युलेटर बदलायचा, टीव्हीची जोडणी बदलायची. एवढं सगळं केल्यावर ते यंत्र 1986 चं राहील का? आणि राहणार नसेल, तर जुनं यंत्र हवंच कशाला? त्याची हुबेहूब नक्कल आज कोणाच्याही मोबाइलवर फुकट चालते. मुलांना दाखवायचं तर ती दाखव. आणि यंत्र जपायचं तर जसं आहे तसं जप. या दोन्हींच्या मधलं जे तू करायला निघालास, त्याचं कारण मला कळत नाही.

हौशी: सर, तुम्ही चार कामं एका दमात सांगितली, पण ती एका जातीची नाहीत. आधी विजेचं घ्या. या यंत्राचा अ‍ॅडॅप्टर 9 व्होल्टचा, साध्या ट्रान्सफॉर्मरचा. घरात जेवढी वीज कमी येईल, तेवढी तो पुढे कमीच देतो. 230 च्या जागी 180 व्होल्ट आले की 9 चे 7 होतात. आत 7805 नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर आहे. त्याला 5 व्होल्ट नीट द्यायचे तर वर दोनेक व्होल्ट हाताशी लागतात. म्हणजे 7 ला तो अगदी काठावर. शेजारच्या शिवारात मोटार सुरू झाली, दाब घसरला, की पडदा गोठला आणि टाइप केलेलं सगळं गेलं. वीज भरपूर असली तरी ताप आहेच. जास्तीचे चार व्होल्ट हा रेग्युलेटर नुसते उष्णता करून सोडतो. त्यासाठी आत ॲल्युमिनियमची पट्टी दिलीय, पण ती दिली विलायतेतली हवा धरून. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ती पट्टी काय करणार? तिथे आजचा स्विचिंग रेग्युलेटर बसवला की तो गार राहतो. जागा तीच, पाय तेवढेच, आणि उद्या कोणाला जुना परत बसवायचा असेल तर दहा मिनिटांचं काम.

टीव्हीचंही तसंच. मूळ विलायती स्पेक्ट्रम चित्र पाठवायचं यूएचएफच्या 36 व्या चॅनेलवर. आपलं दूरदर्शन तेव्हा व्हीएचएफवर, त्यामुळे इथल्या कित्येक टीव्हींना तो चॅनेल पकडताच यायचा नाही. आज मॉड्युलेटर बाजूला ठेवून आतला व्हिडिओ सिग्नल सरळ पिवळ्या पिनेला देतात. एक-दोन तारांचं काम. याला वाढवणं कशाला म्हणायचं? यंत्राला इथल्या हवेत आणि इथल्या विजेवर जगू देणं आहे ते.

साशंक: रेग्युलेटर आणि टीव्हीबद्दल मी भांडणार नाही. ती दुरुस्तीच समज. तरी एक बोलून ठेवतो. दुरुस्ती म्हणून सुरू झालेलं काम कधी हौस होतं, ते करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तू मेमरीकडे ये. 48 किलोबाइटचं यंत्र आहे. त्याला 48 च पुरायचे, आणि पुरत नव्हते तेव्हा लोक डोकं लढवायचे. ते डोकं लढवणं हीच त्या यंत्राची शाळा होती. मेमरी वाढवलीस की ती शाळाच बंद केलीस.

हौशी: मेमरीची गोष्ट मला जरा सावकाश सांगू द्या, कारण या यंत्रातली मला सगळ्यात आवडणारी जागा तीच. त्यात मेमरीचे दोन भाग आहेत. खालचे 16 किलोबाइट आठ चिपांत. त्या चिपा फार नखऱ्याच्या, त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: 5, 12 आणि उणे 5. हे जादाचे व्होल्टेज बोर्डावरचा एक छोटा ट्रान्झिस्टर आणि तारेचं वेटोळं तयार करतात. तेवढं एक बिघडलं आणि उणे 5 गेला, की मागोमाग त्या चिपाही जातात. जुनं स्पेक्ट्रम मेलं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा इथेच मेलेलं असतं.

वरच्या 32 किलोबाइटची गंमत वेगळी आहे. तिथेही आठ चिपा, पण बहुतेक बोर्डांवर त्या मुळात 64 किलोबिटच्या होत्या. कारखान्यात तपासताना ज्यांचा अर्धा भाग सदोष निघाला, त्या चिपा सिंक्लेअर कंपनीने स्वस्तात घेतल्या. चांगलं अर्धं कुठलं, वरचं की खालचं, ते पाहून बोर्डावर एक छोटी तार जोडायची. अर्धी चिप मेलेली, अर्धी जिवंत, आणि त्या अर्ध्या जिवावर घरोघरी पोहोचलेला संगणक. 1982 मध्ये तो एवढा स्वस्त झाला, त्यामागे असल्या अनेक काटकसरी होत्या. आता त्याच जागी पुऱ्या चांगल्या 64 किलोबिटच्या चिपा बसवल्या, की आणखी 32 किलोबाइट आपोआप हाताला लागतात. 48 चे 80 होतात. जागा आधीपासून होती, सर. पैशापायी ती बंद राहिली होती. ती उघडायला मी निघालो तर त्यात यंत्राचा अपमान कुठे झाला?

साशंक: गोष्ट छान आहे, आणि खरीही आहे. पण तिच्यातून तू काढतोस तो अर्थ निघत नाही. त्यातला झेड-80 प्रोसेसर किती पत्ते ओळखतो? 64 किलोबाइटचे. त्यातले 16 रॉमने खाल्ले, 48 उरले. म्हणजे त्याचा पाट भरलेलाच आहे. तुझे जादाचे 32 त्याला एकदम दिसणारच नाहीत. एक पान झाकायचं, दुसरं उघडायचं, असं त्याला सांगत बसावं लागेल. आणि ज्या प्रोग्रामला ही पानं उलटता येत नाहीत, त्याच्या दृष्टीने तू काहीच वाढवलेलं नाहीस.

बरं, वाढवायचं कशासाठी? तू मला मागं म्हणालास, मुलांना यावर मराठी लिहायला लावायचंय. मी बसून हिशेब केला. या यंत्राचं एक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसतं. देवनागरीला त्यात दाटी होते. शिरोरेषेला एक ओळ, वर वेलांटी-मात्रेला दोन, खाली उकाराला दोन. मग खुद्द अक्षराला उरल्या तीन ओळी. तीन ओळींत 'क्ष' काढून दाखव मला! त्यात बेसिकमध्ये स्वतःची अक्षरं घडवायला जागा एकवीसच. तेव्हा अक्षर सोळा बाय सोळाचं करावं लागणार, हे मान्य. असं एक अक्षर म्हणजे 32 बाइट. जोडाक्षरं, मात्रा धरून दोनशे आकार घडव. झाले 6,400 बाइट. पडदा 6,912 बाइट खातो, तो तर पहिल्यापासूनच खातोय. बेसिकसाठी साधारण 41 हजार बाइट मोकळे असतात. म्हणजे तुझी सगळी मराठी त्यात बसून वर चांगले चौतीस हजार उरतात. पडद्यावर एका ओळीत सोळा अक्षरं, अशा बारा ओळी. एवढ्यात एक छोटी कविता मावते, एक पत्र मावतं. मराठी लिहायला मेमरी आडवी येत नव्हती, बाबा. बसून ते दोनशे आकार कोणी घडवले नाहीत, एवढंच.

हौशी: या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही. मेमरी कमी म्हणून मराठी आली नाही, असं मी यापुढे म्हणणार नाही. पण मराठी संगणकात आली कशी, तेही बघा. आयआयटी कानपूरला भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या जिस्टचं काम झालं, पुढे 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि जिस्टचं कार्ड बाजारात आलं. ते काय होतं? पीसीच्या आत रिकाम्या खाचेत खोचायचं एक जादा कार्ड. इंग्रजीसाठी घडवलेल्या यंत्रात मराठी, हिंदी, तमिळ आली ती त्या खाचेतून आली. खाच नसती, किंवा मूळ यंत्राला हात लावायचा नाही असं आपल्या लोकांनी ठरवलं असतं, तर आपण किती वर्षं मागे राहिलो असतो?

स्पेक्ट्रमलाही मागे तशीच उघडी पट्टी आहे. तिच्यावर झेड-80 चे बहुतेक सगळे पाय बाहेर आणलेत: पत्ते, डेटा, वीज, सगळं. झाकण नाही, कुलूप नाही. ज्याने हे यंत्र घडवलं त्यानेच ते अर्धवट सोडलंय आणि म्हटलंय, पुढचं तुम्ही जोडा. विलायतेत लोकांनी त्या पट्टीला प्रिंटर, जॉयस्टिक, मायक्रोड्राइव्ह, काय काय लावलं. आपल्याकडे 1986 मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्यावर 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' काढलं, पण मागे लावायच्या वस्तू आपल्या भागात कुठून येणार? ती पट्टी रिकामीच राहिली. ते यंत्र जसं घडवलं गेलं होतं, तसं ते इथे कधी वापरलंच गेलं नाही. मग 'जसं होतं तसं जपा' म्हणताना तुम्ही नक्की काय जपताय? यंत्र, की त्याची उपासमार?

साशंक: इथे तू 'आपल्याकडे' म्हणालास, म्हणून आता जरा कडू बोलतो. हे यंत्र आपल्याकडे होतं तरी का? डीबी स्पेक्ट्रम देशभरात मिळून काही हजार खपलं असेल, आणि 1990 च्या सुमाराला तो बाजार मिटला. केंद्र सरकारने 1984-85 मध्ये 'क्लास' योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो दिले, तेही देशभरातल्या अडीचशेच्या आसपास शाळांपासून सुरुवात. धाराशिवच्या, उमरग्याच्या, भूम-परंड्याच्या माणसाने संगणकाला हात लावला तो 2001 नंतर, एमएस-सीआयटीच्या वर्गात. गाळ्यात दहा मशिनी, एका मशिनीवर दोघं, आणि भिंतीवर प्रमाणपत्राचा नमुना. आपला इतिहास तो आहे. त्या वर्गातला एक पांढरा मॉनिटर कोणी जपला का? नाही, कारण त्यात कोणाला मजा वाटत नाही. तुला स्पेक्ट्रम आवडतं, कारण परदेशात ते आवडणारे लोक आहेत, त्यांनी त्याच्या गोष्टी लिहून ठेवल्यात. त्यांच्या आठवणी उसन्या आणून तू आपल्या पोरांना देतोस.

हौशी: एमएस-सीआयटीबद्दल तुम्ही बरोबर आहात. ते जपायला हवं आणि कोणी जपत नाही. पण जपण्याजोगं काय, हे आधी कोणाला कळलं होतं? तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू जमवल्या, तेव्हा त्या किती लोकांना मोलाच्या वाटत होत्या? आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे. आणि तेरमध्ये रोमन घडणीच्या वस्तू निघाल्या म्हणून ते तेर परकं झालं नाही. व्यापाराने येतं ते आपलंच होतं, वापरलं तर.

वापरायला लावावं म्हणून तर मी ते वाढवतोय. मी हे यंत्र काचेत ठेवणार नाही. वाचनालयात ठेवणार, पोरांच्या हाताखाली. मोबाइलवरची नक्कल दाखवता येते, पण उघडता येत नाही. इथे झाकण काढलं की बोट ठेवून सांगता येतं: हा प्रोसेसर, ही मेमरी, हा रॉम, आणि ही तार तोडली तर पडदा काळा होतो. आजच्या कुठल्या यंत्रात हे जमतं?

आणि 'मूळ' या शब्दाबद्दल आपल्या भागाला तरी कोणी शिकवायला नको. 1993 च्या 30 सप्टेंबरच्या पहाटेच्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. जी हलवली नाहीत, तिथल्या हजारो घरांचं सबलीकरण झालं. दगडमातीच्या भिंतीत आरपार दुवे घातले, कोपरे बांधून घेतले, माळवदावरच्या मातीचे थर कमी केले. त्या घरांना कोणी म्हणालं का, की ही आता जुनी घरं राहिली नाहीत?

साशंक: तो दाखला जपून वापर. सास्तूर-किल्लारीला घरांत माणसं झोपलेली होती. सबलीकरण जिवासाठी होतं. तुझ्या 32 किलोबाइटने कोणाचा जीव वाचणार नाही, त्यामुळे तुला ती निकड सांगता येणार नाही.

तरी तुझ्या दाखल्यातलं एक मी घेतो. माती कमी केली, पण माळवद ठेवलं. का ठेवलं? उन्हाळ्यात त्याचा गारवा लागतो म्हणून. म्हणजे तिथे कोणीतरी उभं राहून ठरवलं की यातलं घर किती आणि धोका किती. तू हे ठरवलंयस का? त्या यंत्रात यंत्र किती आणि अडचण किती?

हौशी: हा प्रश्न मला आवडला. माझ्यापुरतं मी असं म्हणेन. झेड-80 ला 64 किलोबाइटच दिसतात, ही यंत्राची स्वतःची मर्यादा. आठ बाय आठच्या चौकटीत दोनच रंग येतात, हीदेखील त्याचीच. त्यांना मी हात लावणार नाही. पडद्यावर जादा रंग देणाऱ्या पाट्या मिळतात, त्या मी लावणार नाही. ते केलं तर तुमचं म्हणणं खरं, खोकं तेवढं जुनं उरेल. पण दाबाअभावी पडदा गोठणं ही यंत्राची मर्यादा नव्हती, आपल्या रोहित्राची होती. मागची पट्टी रिकामी राहणं ही आपल्या बाजारपेठेची. आणि कॅसेट! पाच-पाच मिनिटं किंचाळणारी ती कॅसेट, टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू पेचकसाने फिरवत बसायचं, आणि शेवटच्या क्षणी पडद्यावर 'आर टेप लोडिंग एरर'. टेपरेकॉर्डर धुळीने भरलेला, कॅसेट तिसऱ्या पिढीची नक्कल. ही गरिबी यंत्राची नव्हे, काळाची आणि जागेची. एसडी कार्ड लावून मी तेवढीच काढतोय.

साशंक: आता आपण खऱ्या जागी आलो. तू दोन ढीग केलेस, यंत्राच्या मर्यादा आणि जागेच्या मर्यादा. कागदावर ते वेगळे पडतात. माणसाच्या हातात पडतात का? त्या यंत्राची कळपट्टी आठव. पी दाबलं की अख्खा 'प्रिंट' शब्द उमटतो. प्रत्येक कळीवर हुकूम छापलेले. ते यंत्र माणसाला टाइप करायलाच बोलावतं. आणि ज्यांच्याजवळ कॅसेटी नव्हत्या, त्यांनीच ते बोलावणं ऐकलं. मासिकातला प्रोग्राम ओळीने टाइप करायचा, एक चुकलेला स्वल्पविराम तासभर शोधायचा, आणि शोधता शोधता प्रोग्राम कळून जायचा. वस्तू मिळत नव्हत्या म्हणून लोक आत शिरले. तू कार्डावर हजार खेळ भरून देणार. कोण टाइप करील? जागेची मर्यादा तू काढलीस आणि तिच्याबरोबर यंत्राचा स्वभावही काढलास. ते एकमेकांत विणलेले होते.

हौशी: सर, हे तुम्ही आत शिरलेल्यांचं सांगताय. जे शिकले त्यांच्या आठवणी आपल्याला मिळतात. जे लोड होत नाही म्हणून उठून गेले, ज्यांना इंग्रजी हुकूम वाचता आले नाहीत, ज्यांच्या घरी वीजच संध्याकाळी सातला जायची, त्यांनी कुठे आठवणी लिहिल्या? टंचाईने दहांना शहाणं केलं आणि नव्वदांना सांगितलं की हे तुमचं काम नाही. तुम्ही वर्गात उभे राहिलात, तुम्हाला ते नव्वद माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

साशंक: माहीत आहेत. म्हणूनच मी सहजासहजी तुझ्या बाजूला येत नाही. त्या नव्वदांतल्या पुष्कळांना मी सोपं करून दिलं होतं, आणि सोपं केलेलं त्यांनी पाठ केलं, उघडून पाहिलं नाही.

मग माझी अट ऐक. आधी नुसतं 48 चं यंत्र ठेव. रेग्युलेटर नवा, टीव्हीची तार नवी, चालेल. कार्ड नको. मुलांना स्वतःच्या नावाची अक्षरं ठिपक्यांच्या वहीवर घडवू दे, सोळा बाय सोळा. ती टाइप करू दे. दोनशे आकार होतील, कविता होतील, मग कोणाला तरी चित्रं घालावीशी वाटतील आणि तेव्हा कुठे मेमरी संपेल. त्या दिवशी मुलांसमोर झाकण काढ, ती अर्धी मेलेली चिप त्यांच्या हातावर ठेव आणि पुरी चिप त्यांच्याकडूनच बसवून घे. मेमरी लागली म्हणून वाढवली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे.

हौशी: अट चांगली आहे, पण क्रम उलटा आहे. टाइप केलेलं साठवायचं कुठे? कॅसेटवर? आज चांगली कोरी कॅसेट आणि धड टेपरेकॉर्डर मिळवायचा म्हणजे पुण्याच्या बुधवार पेठेत जुन्या मालात हात घालावा लागतो. पोराने तासभर बसून आपलं नाव घडवलं आणि दुसऱ्या दिवशी ते नाही उचललं गेलं, तर तिसऱ्या दिवशी ते पोर येणार नाही. मला पहिल्या दिवशी कार्ड लागतं, मेमरी नंतर. तुमच्या हिशेबानेच मेमरीची घाई नाही. आणि भाग कायम मिळत राहतील असंही नाही. 1976 पासून बनणारा झेड-80 झायलॉगने 2024 मध्ये बंद केला, जूनमध्ये शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. आत्ता जे जोडायचं ते जोडून घेतलं पाहिजे.

साशंक: कार्ड कोरं ठेवशील?

हौशी: अगदी कोरं नाही. दहा-बारा खेळ असतील. पोरं खेळायला येतील, त्यातली काही थांबतील. खेळ दुसऱ्याने लिहिलाय हे कळलं, की आपणही लिहू शकतो असं वाटतं. मला तरी तसंच वाटलं होतं.

साशंक: तुला वाटलं, कारण तू दहांतला. नव्वद खेळून घरी जातील, आणि या वेळी मात्र त्यांना कोणी हाकललं नाही असं आपण म्हणू. कार्डावर काय ठेवायचं, ते कोण ठरवणार?

हौशी: मुलं ठरवतील.

साशंक: मुलांनी ठरवण्याआधी तूच ठरवलेलं असेल, मागच्या पट्टीत कार्ड खोचलंस त्याच दिवशी.

हौशी: आणि पट्टी रिकामी ठेवली, तर तुम्ही ठरवलेलं असेल, सर.